ब्रेकचा लाल लाइट पेटलाय, ऑइल टाकून विझवू का?

या महिन्यात ब्रेकच्या लाइटचेच प्रश्न जास्त आलेत, आणि बहुतेक सगळे जुन्या, सेकंड हँड गाडीवाल्यांचे, त्यामुळे एसी, मायलेज आणि टायरवाल्यांनी जरा थांबा, तुमचं पुढच्या अंकात घेतो. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो म्हणजे प्रत्येक उत्तरात परत लिहायला नको. लाल लाइट म्हणजे गोलात उद्गारचिन्ह आणि दोन्ही बाजूला कंस. जुन्या गाड्यांत हा एकच लाइट दोन कामं करतो, हँडब्रेक वर राहिलाय हेही तोच सांगतो आणि डबीतलं ब्रेक ऑइल कमी झालंय हेही तोच. हँडब्रेकच्या दांड्याखाली एक छोटा स्विच असतो आणि ऑइलच्या डबीत तरंगणारा फ्लोट, दोघांपैकी कुणीही वायर अर्थ केली की मीटरमधला लाइट पेटतो, बस, याच्यापेक्षा जास्त अक्कल त्या सर्किटमध्ये नाही. पिवळा एबीएसचा (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लाइट वेगळा, त्याचं खाली येईलच.

दादा नमस्कार. माझ्याकडे २०११ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, गेल्या वर्षी सेकंड हँड घेतली, १ लाख १० हजार किलोमीटर झालेत. चिपळूणहून कराडला कुंभार्ली घाटातून अधूनमधून जाणं होतं. घाटात वळणावर ब्रेकचा लाल लाइट पेटतो आणि सरळ रस्त्याला लागलं की जातो. हँडब्रेक पूर्ण खाली असतो. दीड महिन्यापूर्वी गॅरेजवाल्याने ऑइल टाकलं तेव्हा लाइट गेला, आता परत तेच सुरू. पेडल मला तरी ठीक वाटतं. तो म्हणतो सेन्सर गेलाय, वायर काढून टाकतो, कटकट मिटेल. काढू देऊ का?
— एक वाचक, चिपळूण

नाही, अजिबात काढू देऊ नका. तुमचा सेन्सर मला तरी एकदम ठणठणीत दिसतोय, तुम्ही जे वर्णन लिहिलंय ते चालू सेन्सरचंच आहे. वळणावर गाडी कलली की डबीतलं ऑइल एका बाजूला जातं, फ्लोट क्षणभर खाली बसतो आणि लाइट पेटतो, सरळ रस्त्यावर ऑइल परत सपाट झालं की फ्लोट वर येतो आणि लाइट जातो. म्हणजे ऑइल बरोबर काठावर आहे, मिनच्या रेघेच्या आसपास. जोरात ब्रेक मारल्यावर किंवा उतारावर लाइट लुकलुकत असेल तरी अर्थ हाच. आधी गाडी सपाट जागी लावा, बॉनेट उघडा आणि डबीवरच्या मॅक्स-मिनच्या रेघा बघा. डबी धुळीने काळी झाली असेल तर झाकण उघडायच्या आधी फडक्याने पुसून घ्या, आत कचरा गेला तर नवीन दुखणं.

आता ऑइल कमी का होतं, तर कारणं दोनच. एक म्हणजे पुढचे डिस्क पॅड झिजले. पॅड जसजसा पातळ होतो तसतसा कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्या मागची रिकामी झालेली जागा भरायला डबीतलं ऑइल खाली उतरतं. यात गळती कुठेच नसते, सगळं ऑइल सिस्टिममध्येच असतं. नवीन पॅडची जाडी साधारण १० मिलिमीटरच्या आसपास असते आणि ३ राहिली की बदलायच्या तयारीला लागायचं, या सगळ्या प्रवासात डबी हळूहळू मॅक्सवरून मिनकडे येते आणि त्याला हजारो किलोमीटर जातात. दुसरं कारण म्हणजे गळती.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची माहिती दीड महिना ही आहे. पॅडच्या झिजेने पातळी उतरली असती तर टाकलेलं ऑइल दीड महिन्यात परत मिनवर आलंच नसतं. इतक्या पटकन कमी झालं म्हणजे ते कुठेतरी बाहेर जातंय. म्हणूनच मी सारखा सांगतो की कारण न बघता ऑइल टाकायचं नाही, डबीतली पातळी म्हणजे थर्मामीटर आहे, तो झटकून ताप उतरत नाही. पॅड झिजलेले असताना वरून डबी भरून ठेवली की अजून एक गंमत होते, पुढे नवीन पॅड बसवताना पिस्टन मागे दाबतात तेव्हा ते जादाचं ऑइल परत डबीत येतं आणि तोंडातून बाहेर उतू जातं, आणि ब्रेक ऑइल रंगावर सांडलं की रंग फुगून निघतो.

तर गळती शोधायची. या वयाच्या गाडीत माझा पहिला संशय मागच्या चाकांच्या व्हील सिलेंडरवर. पुढे डिस्क, मागे ड्रम अशी तुमची गाडी असणार, ड्रमच्या आत त्याला घासून चाक थांबवणारे दोन लायनर आणि वरच्या बाजूला त्यांना ढकलणारा छोटा सिलेंडर असतो, त्याच्या दोन्ही टोकांना आत ऑइल अडवणारे रबरी बकेट आणि बाहेरून धूळ जाऊ नये म्हणून रबरी टोप्या. बकेट कडक झाले की ऑइल झिरपायला लागतं आणि आधी त्या टोप्यांच्या आत साठतं, त्यामुळे बाहेरून काहीच दिसत नाही, मग ड्रमच्या बॅकप्लेटवरून ओघळ खाली येतो आणि टायरच्या आतल्या बाजूला ओला काळा डाग पडतो. आधी मागच्या दोन्ही टायरची आतली बाजू हाताने चाचपून बघा. मग गॅरेजमध्ये ड्रम काढून त्या रबरी टोपीची कड बारीक स्क्रू ड्रायव्हरने उचलून बघायला सांगा, आत ओलं असेल तर चोर सापडला. कुणी म्हणेल थोडं ओलं असतंच, चालतं, तर तुमच्या केसमध्ये चालत नाही, दीड महिन्यात डबी उतरलीय.

टायरवर लागलेलं ते ब्रेक ऑइलच आहे का गिअर ऑइल का नुसतं ग्रीस मिसळलेलं पाणी, हे ओळखायला सोपी युक्ती आहे, बोटाला लागलेला थेंब कपभर पाण्यात बुडवा. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं. गिअर ऑइल, इंजिन ऑइल तवंग धरून वर तरंगतं. गॅरेजवाल्यांना सांगितलं तर हसतात पण करून बघा.

मागची चाकं कोरडी निघाली तर पुढे या क्रमाने बघायचं: पुढच्या कॅलिपरच्या पिस्टनभोवती, मग चाकाकडे जाणारे रबरी होज (स्टिअरिंग पूर्ण वळवून, होजवर चिरा किंवा फुगवटा आहे का), मग गाडीखालून मागे जाणारे लोखंडी पाइप. तुम्ही कोकणात आहात, पाऊस आणि खारी हवा दोन्ही आहे, त्यामुळे पाइप जिथे क्लिपने बॉडीला धरलेला असतो तिथे चिखल साचून गंज खातो, ती जागा पुसून बघितल्याशिवाय ठीक आहे म्हणू नका. पाइपवर नुसता वरवरचा गंज असेल तर ठीक, पापुद्रे निघत असतील तर पाइप बदलायचा, वेल्डिंग किंवा एमसील लावून भागवायचं नाही.

एक जागा अशी आहे की तिथली गळती बाहेर दिसतच नाही. मास्टर सिलेंडरच्या, म्हणजे पेडल दाबलं की ऑइलला दाब देणाऱ्या डबीखालच्या सिलेंडरच्या, मागच्या टोकाचं सील गेलं तर ऑइल थेट बूस्टरच्या आत जातं, पायाचा जोर वाढवणारा तो मोठा काळा डबा असतो तो. जमिनीवर थेंब नाही, चाकं कोरडी, तरी डबी कमी होतेय, असं असेल तर इथेच बघायचं. मास्टर सिलेंडर बूस्टरला जिथे बसतो त्याच्या खाली बूस्टरचा रंग सुटलाय का, पोपडे आलेत का, हे बॅटरी मारून बघा. बूस्टरमधलं ऑइल इंजिनने व्हॅक्यूमच्या पाइपातून ओढलं तर सायलेन्सरमधून पांढरा धूरही येतो आणि लोक इंजिन खोलायला निघतात. अजून एक, काही गाड्यांत क्लचलाही याच डबीतून ऑइल जातं, डबीच्या बाजूने एक बारीक होज क्लचकडे गेलेला दिसेल. तसं असेल तर गळती क्लचच्या सिलेंडरला असू शकते आणि सगळे ब्रेक खोलत बसतील. तुमच्या गाडीला केबलचा क्लच असेल तर हा प्रश्न नाही.

पेडल ठीक वाटतं म्हणता, तरी एक टेस्ट घरीच करा. इंजिन चालू, गाडी सपाट जागी उभी, पेडल नेहमीसारखं दाबा आणि अर्धा मिनिट तसंच धरून ठेवा. पाय हळूहळू खाली जात राहिला तर एकतर कुठेतरी बाहेर गळतंय नाहीतर मास्टर सिलेंडर आतल्या आत ऑइल सोडतोय. तसं झालं तर गाडी चालवत गॅरेजला न्यायचीच नाही, मेकॅनिक घरी बोलवा किंवा टो करा. पेडल जागेवर टिकलं आणि ऑइल मिनच्या वर असेल तर गावातल्या गावात हळू चालवत गॅरेजपर्यंत जा, पण घाट बंद, काम होईपर्यंत कुंभार्ली नाही म्हणजे नाही.

काम निघालंच तर दोन गोष्टींवर अडून बसा. व्हील सिलेंडर एका बाजूचा गळत असेल तरी दोन्ही बाजूचे बदला, आणि ऑइल पिऊन बसलेले लायनर पेट्रोलने धुवून परत बसवू देऊ नका, ते वाळले तरी गरम झाल्यावर ऑइल परत सोडतात आणि मग गाडी ब्रेकला एका बाजूला ओढते. लायनरही दोन्ही चाकांचे एकदमच. सगळं झाल्यावर ब्रेकच्या पाइपांत शिरलेली एअर नीट काढायची आणि मग आठवडाभर रोज सकाळी डबी बघायची, रेघेवर मार्करने खूण करून ठेवली की अंदाज पंचे लागत नाही.

आणि तुमच्या गॅरेजवाल्याबद्दल: वायर काढली की लाइट पेटणार नाही, ऑइल मात्र जातच राहील. तुमच्या गाडीत ब्रेकच्या दोन वेगळ्या लाइन असतात आणि डबीच्या आतही मध्ये पडदा असतो, म्हणून एक लाइन रिकामी झाली तरी दुसरीवर गाडी थांबते, पण लांब जाऊन थांबते आणि पेडल खूप खाली जातं. हे कळायची वेळ घाटातल्या उतारावर यावी असं तुम्हाला वाटतं का?

माझ्याकडे २००९ ची छोटी गाडी आहे, मुलाने पुण्याला गेल्यावर मला दिली. हँडब्रेक खाली केला तरी लाल लाइट जात नाही, दांडा अजून जोरात खाली दाबला की जातो, खड्ड्यातून गेलं की परत येतो. ऑइल भरलेलं आहे, मी स्वतः बघितलं. मुलगा म्हणतो दुर्लक्ष कर. करू का?
— एक वाचक, नाशिक

काकू, निदान तुम्ही स्वतःच केलंय, दांडा दाबल्यावर लाइट जातो म्हणजे हँडब्रेकखालचा स्विच. त्या स्विचला एक बारीक दांडी असते, हँडब्रेक पूर्ण खाली बसला की ती दाबली जाते आणि लाइट जातो. पत्र्याचा छोटा ब्रॅकेट वाकलेला असतो किंवा तिथे कचरा अडकलेला असतो. हँडब्रेकच्या खाचेत काय काय सापडतं ते विचारू नका, शेंगदाणे, टोलच्या पावत्या, रुपयाची नाणी, एका गाडीत तर कानातलं निघालं होतं. कव्हर वर करून साफ करायला सांगा, स्विचचं कनेक्टर काढून लाइट जातो का ते बघायचं, गेला म्हणजे खात्री झाली. पण बघून झालं की परत लावायचं.

मात्र त्याआधी एक बघा. केबल जास्त ताणलेली असेल तर दांडा पूर्ण खाली बसतच नाही. मागचे लायनर झिजले की हँडब्रेक वर-वर येतो, मग गॅरेजवाले लायनर अॅडजस्ट करायचे सोडून केबल ताणून देतात कारण ते दोन मिनिटांचं काम आहे. मग लायनर ड्रमला कायम घासत राहतात. दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून आल्यावर मागच्या चाकाच्या मधोमध हात जवळ न्या, हात लावू नका, नुसता जवळ न्या, एका बाजूची धग जास्त लागली तर तेच आहे. आधी ड्रममधले लायनर अॅडजस्ट, मग केबल, हा क्रम.

मुलाला सांगा दुर्लक्ष करायचं नाही, कारण ऑइल कमी झाल्यावर पेटायचा लाइटही हाच आहे. तो कायम पेटलेलाच असेल तर ज्या दिवशी खरंच ऑइल जाईल त्या दिवशी तुम्हाला वेगळं काय दिसणार?

ब्रेक ऑइल किती दिवसांनी बदलायचं? डॉट ३ मध्ये डॉट ४ टाकलं तर चालतं का? आमच्याकडे दुकानदार काहीही देतो.
— एक वाचक, लातूर

साधारण दोन वर्षांनी, गाडी कमी चाललेली असली तरी. कारण हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, किलोमीटरचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे दर्जे, डॉट ३ नवीन असताना कमीत कमी २०५ अंशाला उकळतं, पाणी ओढलेलं असेल तर १४० पर्यंत खाली येतं. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. लांब उतारावर सारखा ब्रेक दाबत आलं की कॅलिपर तापतो, ऑइल उकळून आत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल जमिनीला टेकतं. गंमत अशी की यात लाल लाइट पेटेलच असं नाही, कारण डबीतलं ऑइल आहे तेवढंच आहे. त्यामुळे लाइट नाही म्हणजे ब्रेक चांगले असं समजून घाटात न्यूट्रलवर सोडणारे लोक बघितले की माझं डोकं फिरतं, ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा, निम्मं काम इंजिन करतं.

डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ चालतं, दोन्ही एकाच जातीची आहेत. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही, आणि डॉट ५.१ वेगळं, ते परत पहिल्या जातीचं, नावं ठेवणाऱ्याला कुणीतरी जाब विचारायला हवा. दुकानदार काहीही देत असेल तर डबीच्या झाकणावर काय छापलंय त्याचा फोटो दाखवा आणि सीलबंद बाटलीच घ्या, घरात वर्षभर उघडी पडलेली बाटली ब्रेकमध्ये नाही. आणि चुकूनही इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल त्या डबीत गेलं तर गाडी चालू करू नका, सगळी रबरं फुगतात, मास्टर सिलेंडरपासून चाकापर्यंत प्रत्येक सील आणि होज बदलायला लागतो.

सर, माझी २०१४ ची सेकंड हँड सेदान आहे, एबीएसवाली. मागच्या चाकाची बेअरिंग बदलली आणि दोन दिवसांनी एबीएसचा पिवळा आणि ब्रेकचा लाल, दोन्ही लाइट एकदम लागले. ऑइल फुल आहे, हँडब्रेक खाली आहे. गॅरेजवाला एबीएसचं मॉड्यूल बदलायला सांगतोय, खर्च ऐकून घाम फुटला. इंजिनिअरिंगला आहे, बजेट नाही.
— एक विद्यार्थी, पुणे

अरे थांब, मॉड्यूलला हात लावू देऊ नकोस. बेअरिंग बदलल्यावर दोन दिवसांत लाइट लागला तर पहिला संशय बेअरिंगच्या कामावरच घ्यायचा, हे कॉमन सेन्स आहे. प्रत्येक चाकाजवळ स्पीड मोजणारा सेन्सर असतो, आणि चाकाबरोबर फिरणारी दात असलेली रिंग, किंवा बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकाची रिंग असते. अशी बेअरिंग उलटी बसवली तर चुंबकाची बाजू सेन्सरकडे येत नाही आणि सेन्सरला चाक फिरतंय हेच कळत नाही. ठोकून बसवताना रिंग तडकते, काम करताना सेन्सरची वायर ताणली जाते किंवा क्लिपमध्ये परत अडकवत नाहीत आणि मग ती टायरला घासते. हे सगळं मॉड्यूलच्या कितीतरी आधी बघायचं.

दोन्ही लाइट का लागले ते सांगतो. मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा हे ठरवणारं ईबीडी त्याच एबीएसच्या युनिटमध्ये असतं. फक्त पिवळा पेटला तर एबीएस बंद, साधा ब्रेक चालू. पिवळ्याबरोबर लालही पेटला तर ईबीडीही बंद आहे असं समज, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी मागून फिरू शकते, ओल्या रस्त्यावर तर नक्कीच. त्यामुळे काम होईपर्यंत सिंहगड वगैरे रद्द, कॉलेजला बसने जा. आणि ऑइल डोळ्याने बघितलंस ना, का मित्राने सांगितलं? स्वतः बघ, कारण लाल लाइटची बाकीची कारणं तशीच लागू आहेत.

ऑनलाइन मिळतो तो स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक वेळा इंजिनचेच कोड वाचतो आणि एबीएसला काही नाही असं दाखवतो, त्यावर विश्वास ठेवू नकोस. एबीएस वाचणारा स्कॅनर असलेला इलेक्ट्रिशियन शोध, कोड इंग्रजी सी अक्षराने सुरू होईल. नुसता कोड वाचून थांबायचं नाही, लाइव्ह डेटा लावून गाडी २०-३० च्या स्पीडने चालवायची आणि चारही चाकांचे आकडे बघायचे. तीन चाकं २५ दाखवतायत आणि चौथं शून्य, तर तेच चाक, आणि मला वाटतं ते बेअरिंग बदललेलंच असेल. तसं निघालं तर ज्याने बसवली त्यानेच स्वतःच्या खर्चाने नीट करून द्यायला पाहिजे, भांडायची तयारी ठेव. त्याआधी बॅटरीचे टर्मिनल आणि एबीएसचा फ्यूज मात्र बघून घे, व्होल्टेज कमी पडला तरी हे युनिट रुसून बसतं.

नमस्कार, मी टोरांटोत असतो. २००८ ची जुनी गाडी आहे. थंडीत सकाळी पहिल्यांदा चालू केली की ब्रेकचा लाल लाइट दहा मिनिटं राहतो, मग जातो. उन्हाळ्यात कधीच नाही. थंडीचा परिणाम म्हणून सोडून देऊ का?
— एक वाचक, टोरांटो

थंडीचा परिणाम आहेच, पण थंडीने नुसतं उघडं पाडलं. थंडीत ऑइल आकसतं, पातळी किंचित उतरते, बॉनेटखाली गरम झालं की परत वर येते. म्हणजे चिपळूणच्या वाचकाला वळणावर जे दिसतंय ते तुम्हाला थंडीत दिसतंय, ऑइल काठावर आहे. पॅड मोजून घ्या, झिजलेले असतील तर उत्तर तिथेच मिळालं. पॅड जाड असतील तर तुमच्याकडे पहिला संशय लोखंडी ब्रेक पाइपवर, कारण हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते गाडीखाली सगळीकडे जाऊन बसतं. लिफ्टवर घेऊन पूर्ण लांबीचे पाइप बघायला सांगा, प्लॅस्टिकच्या कव्हरच्या आतलेसुद्धा. बदलायचेच झाले तर तांबं-निकेलचे पाइप घाला, ते गंजत नाहीत आणि वाकवायलाही सोपे जातात.

सेकंड हँड गाडी बघायला जाणार आहे, बजेट दोन-अडीच लाख. ब्रेकचं काय काय बघू? मला गाडीतलं फार कळत नाही.
— एक वाचक, कोल्हापूर

फार कळायची गरज नाही, चावी फिरवता आली पाहिजे. इंजिन चालू न करता चावी ऑनवर आणा आणि हँडब्रेक ओढलेला ठेवा, लाल लाइट पेटलाच पाहिजे. नाही पेटला तर बल्ब गेलाय किंवा काढलाय, आणि विकायच्या गाडीत मी दुसरंच धरून चालतो. हँडब्रेक खाली केला आणि इंजिन चालू केलं की तो गेला पाहिजे. एबीएसवाली गाडी असेल तर पिवळा लाइटही चावी ऑन केल्यावर पेटून थोड्या सेकंदांनी आपोआप जायला हवा. इथे एक चलाखी चालते, एबीएस बिघडलेलं असतं आणि त्या लाइटची वायर दुसऱ्या एखाद्या लाइटला जोडून ठेवतात, म्हणजे चावी ऑन केली की पेटतो आणि इंजिन सुरू झाल्याबरोबर विझतो. म्हणून चावी ऑन करून, इंजिन न लावता, मनात दहापर्यंत मोजा. चांगल्या एबीएसचा लाइट इंजिन न लावताही जातो. तो बॅटरी किंवा इंजिन ऑइलच्या लाइटबरोबरच पेटला, बरोबरच गेला, आणि इंजिन लावेपर्यंत गेलाच नाही, तर मालकाला चहाचे पैसे देऊन निघा.

मग बॉनेट उघडून डबी बघा. इथे लोक फसतात, डबी काठोकाठ भरलेली आणि ऑइल एकदम स्वच्छ दिसलं की खूश होतात. चाकाच्या फटीतून पॅड बघा, पॅड जाड आणि ऑइल स्वच्छ तर छान, नुकतीच सर्व्हिस झालीय. पण पॅड संपत आलेत आणि डबी मात्र मॅक्सवर, तर कालपरवा कुणीतरी लाइट घालवायला ऑइल ओतलंय, आणि हे का केलं ते विचारायचं. ऑइल चहासारखं काळपट असेल तर वर्षानुवर्षं बदललेलं नाही, तेवढ्यासाठी गाडी सोडू नका पण घेतल्या घेतल्या बदला. मास्टर सिलेंडरखालचा बूस्टर आणि मागच्या टायरची आतली बाजू बघायची, कशी ते वर चिपळूणच्या उत्तरात आलंय.

शेवटी पेडल. इंजिन बंद करून पाच-सहा वेळा दाबा, ते कडक होईल, कडकच दाबून धरा आणि इंजिन चालू करा, पेडल थोडंसं खाली गेलं तर बूस्टर ठीक आहे. काहीच हाललं नाही तर बूस्टर किंवा त्याचा व्हॅक्यूमचा पाइप. मोकळ्या रस्त्यावर ३०-४० च्या स्पीडला स्टिअरिंग हलकं धरून ब्रेक मारा, गाडी एका बाजूला ओढतेय का बघा. आणि गाडी १५ वर्षांच्या जवळ आलेली असेल तर आरसीची मुदत किती राहिलीय तेही बघून घ्या, पुढचं रिन्यूअल करताना आरटीओत गाडी दाखवायला लागते आणि तिथे ब्रेक बघतात, तो खर्च भाव करतानाच कापून घ्या, नंतर मालक फोन उचलत नाही.